रूळ शहरात, प्रवासी रस्त्यावर

जबलपूरमधील दमोह नाका ते मदन महल हा उड्डाणपूल २३ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी सुमारे सात किलोमीटर असून त्यावर एक हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आहे. मध्य प्रदेशातील सर्वांत लांब उड्डाणपूल म्हणून त्याची नोंद झाली असून गोंडवनाच्या राणी दुर्गावतीचे नाव त्यास देण्यात आले आहे. मदन महल स्थानकाजवळ हा पूल तारांच्या आधाराने रेल्वेमार्ग ओलांडतो. त्या ठिकाणी उभे राहून पाहिले, तर या शहराच्या वाहतुकीचे सारे धोरण एका दृष्टिक्षेपात समजते. वर मोटारी धावतात आणि खाली दीडशे वर्षांहून जुना रेल्वेमार्ग आहे. या मार्गावरून मुंबई, प्रयागराज, पाटणा, कोलकाता येथे जाता येते. मात्र अधारतालहून मदन महलला कामावर जाणाऱ्या जबलपूरकराला दिवसभर उपयोगी पडेल अशी गाडी त्यावर नाही.

मध्य प्रदेशच्या प्रशासकीय सेवेतील माझ्या तीन दशकांपैकी काही वर्षे जबलपूर विभागात गेली. त्या काळात शहर वाहतुकीच्या कितीतरी बैठकांना मी उपस्थित राहिलो. रस्त्याचे रुंदीकरण, चौकांची सुधारणा आणि पूल हे विषय कार्यसूचीत पहिले असत. बससेवेचा विषय शेवटी येई व बहुधा पुढील बैठकीवर ढकलला जाई. रेल्वेचा विषय निघे तो फाटक बंद राहिल्याने होणाऱ्या खोळंब्यापुरता. रेल्वे ही शहराच्या वाटेतील अडचण आहे, हे सर्वांनी न बोलता मान्य केले होते. तो रेल्वेमार्ग शहराची वाट होऊ शकतो, असा विचार कोणत्याही टिपणीत माझ्या पाहण्यात आला नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट अधिक खटकते, कारण आधुनिक जबलपूर ही रेल्वेची निर्मिती आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला. तोपर्यंत जबलपूर हे नर्मदेच्या वाटेवरील एक मध्यम गाव होते. १८६७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा अलाहाबादहून येथे पोहोचला. पुढे ७ मार्च १८७० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग इटारसीकडून येऊन त्यास मिळाला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे लोखंडी रुळांनी प्रथम जोडली गेली, ती जबलपूरला. दोन कंपन्यांच्या या सांध्यावर गोदामे उभी राहिली, लष्करी छावणी वाढली आणि पेठा विस्तारल्या. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनविणारा कारखाना येथे आला, त्यामागेही रेल्वेचे हे स्थान होते.

याच काळात बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यातून अडीच फूट रुंदीचा अरुंदमापी मार्ग गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला आणला. विदर्भातील जुन्या पिढीला ही छोटी गाडी परिचित आहे. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना तेथून जबलपूरला जाण्याची ती जवळची वाट होती, मात्र गोंदियाला गाडी बदलावी लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले आणि नागपूरशी असलेला प्रशासकीय संबंध तुटला. छोटी गाडी मात्र त्यानंतरही जवळपास साठ वर्षे दोन्ही बाजूंच्या माणसांना सांधत राहिली. जबलपुरात तिचे स्थानक होते हाऊबाग, आणि पुढचे ग्वारीघाट, म्हणजे थेट नर्मदेचा घाट.

स्वातंत्र्योत्तर जबलपूर कारखान्यांचे शहर झाले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या वाहन निर्माणीतून लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या बाहेर पडल्या. या गाड्या बनविणारा कामगार स्वतः मात्र सायकलने कामावर येत असे. रांझी आणि खमरियाच्या रस्त्यांवर पाळी सुटताना दिसणारा सायकलींचा लोंढा हे अनेक वर्षे या शहराचे ओळखचिन्ह होते. आज त्या रस्त्यांवर दुचाकींचा लोंढा आहे आणि त्यांच्यामधून मोटारी वाट काढतात.

‘मोटारींवरील अवलंबन’ हा शब्दप्रयोग जबलपूरला लावताना थोडे सावध राहिले पाहिजे. अमेरिकेतील शहरांत त्याचा जो अर्थ आहे तो येथे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती, २१ टक्क्यांकडे दुचाकी होती आणि ४४.८ टक्क्यांकडे सायकल होती. त्यानंतर मोटारींचे प्रमाण वाढले असले तरी देशातील बहुसंख्य कुटुंबांकडे आजही मोटार नाही. आपल्या शहरांमध्ये माणसे मोटारीवर अवलंबून नाहीत, नगररचना मात्र मोटारीवर अवलंबून आहे. अल्पसंख्यांच्या वाहनासाठी बहुसंख्यांचा रस्ता आखला जातो. बस न मिळाल्यामुळे ज्याला कर्ज काढून दुचाकी घ्यावी लागते, त्याची गणना वाढत्या समृद्धीत केली जाते.

या सक्तीची किंमत मोजता येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ५० शहरांची तुलना आहे. रस्ते अपघातांच्या संख्येत दिल्ली पहिली, इंदूर दुसरे आणि जबलपूर तिसरे होते. जबलपुरात त्या एका वर्षात चार हजारांहून अधिक अपघातांची नोंद झाली. बंगळुरूसारखे कितीतरी मोठे शहर या यादीत जबलपूरच्या खाली होते. नोंदणीच्या पद्धतीतील फरक जमेस धरला तरी २०११ मध्ये नागरी क्षेत्र मिळून १२ लाख ६८ हजार लोकसंख्या असलेल्या शहराला हे स्थान भूषणावह नाही. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता.

सार्वजनिक वाहतुकीचा इतिहासही येथे सांगितला पाहिजे. २००५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने आपले राज्य मार्ग परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्रात एसटीच्या दुरवस्थेबद्दल आपण सारे तक्रार करतो, पण एसटी नसलेले राज्य कसे असते हे पाहण्यासाठी नर्मदा ओलांडावी लागते. पुढे केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात जबलपूरचा समावेश झाला व शहराला नव्या बसगाड्या मिळाल्या. लोकांनी त्यांना हौसेने ‘मेट्रो बस’ हे नाव दिले. तथापि, बस खरेदी करणे आणि बससेवा चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी अनुदान मिळते; दुसरीसाठी दरवर्षी महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवामानकानुसार उत्तम सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असावी. या हिशेबाने जबलपूरला २०११ च्या लोकसंख्येसाठीच साडेसातशेहून अधिक बसगाड्या लागतील. पंतप्रधान ई-बस सेवा योजनेत मध्य प्रदेशातील सहा शहरांसाठी ५५२ बसगाड्या ठरल्या. त्यांतील १०० जबलपूरच्या वाट्याच्या आहेत. या शंभर गाड्यांचे स्वागतच केले पाहिजे, पण गरज आणि तरतूद यांतील अंतर नजरेआड करता येणार नाही.

उड्डाणपुलाचा उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. दमोह नाक्यापासून वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्ण नेणाऱ्या वाहनाला वाचलेली प्रत्येक मिनिट मोलाची आहे. जुन्या शहरातील कोंडी ही कल्पना नव्हे, ती मी अनुभवली आहे. प्रश्न इतकाच आहे की ही सुटका किती वर्षे टिकेल. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की, शहरातील द्रुतगती मार्गांवर गर्दीच्या वेळी होणारी कोंडी रस्त्याची क्षमता वाढताच पुन्हा त्या क्षमतेपर्यंत वाढते. रस्ता मोकळा झाला की वेळ बदलून, वाट बदलून किंवा बस सोडून माणसे तेथे येतात. १९९५ नंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना हाती घेण्यात आली. त्यानंतर कोंडी संपली का, याचे उत्तर मुंबईकर वाचकाला मी देण्याची आवश्यकता नाही. मुंबई चालते ती त्या पुलांखालून धावणाऱ्या लोकलमुळे. जबलपूरने मुंबईकडून पूल घेतले आणि लोकल घेतली नाही.

यावर हमखास सुचविला जाणारा उपाय म्हणजे मेट्रो. इंदूरमध्ये ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भोपाळमध्येही मेट्रो धावू लागली. आता आमच्याकडे कधी, असा प्रश्न जबलपूरचे नागरिक विचारतात. ही भावना समजण्यासारखी आहे. राज्याच्या विकासात आपण मागे पडलो, हे जबलपूरचे दुखणे १९५६ पासूनचे आहे. तेव्हा राजधानी भोपाळला गेली. पण मेट्रो ही प्रतिष्ठेची वाटणी म्हणून मागावी अशी वस्तू नाही. इंदूरच्या पहिल्या टप्प्यात सुरुवातीच्या विनामूल्य प्रवासाची नवलाई ओसरताच गर्दीही ओसरली, कारण तो मार्ग शहराच्या दाट वस्तीपर्यंत पोहोचलेला नव्हता. नाशिकचा अनुभव आपल्या अधिक जवळचा आहे. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’साठी २,०९२ कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा झाली. घोषणेला वर्षे लोटली, नाशिककर मात्र दुचाकीवरच आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने मेट्रोची मागणी करण्यापूर्वी पर्यायांचा तौलनिक अभ्यास अनिवार्य केला आहे. जबलपूरच्या बाबतीत हा अभ्यास प्रामाणिकपणे झाला, तर पहिला पर्याय जमिनीवर आधीच अंथरलेला सापडेल.

नकाशा पाहावा. शहराच्या ईशान्येस देवरी व अधारताल, मध्यभागी जबलपूर जंक्शन, नंतर मदन महल व कछपुरा आणि नैर्ऋत्येस भेडाघाट अशी स्थानके एकाच मुख्य मार्गावर आहेत. अधारतालजवळ कृषी विद्यापीठ आहे, जंक्शनलगत न्यायालये व शासकीय कचेऱ्या आहेत, मदन महलच्या आसपास नेपियर टाउनसारख्या जुन्या प्रतिष्ठित वस्त्या आहेत. दक्षिणेकडे ग्वारीघाटमार्गे नैनपूर-गोंदियाचा मार्ग जातो. त्यावरील छोटी गाडी १ ऑक्टोबर २०१५ पासून जबलपूर-नैनपूर भागात बंद झाली व आता तेथे रुंदमापी मार्ग आहे. दोन्ही मार्गांचे विद्युतीकरण झाले आहे. पश्चिम मध्य रेल्वे या विभागाचे मुख्यालय २००३ पासून याच शहरात आहे. म्हणजे रूळ आहेत, वीज आहे, स्थानके आहेत आणि निर्णय घेणारे अधिकारीही आहेत. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत ठरलेल्या अंतराने धावणारी आठ डब्यांची मेमू गाडी तेवढी नाही.

असे अन्यत्र घडले आहे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये मुख्य मार्गावरच सुरू झाली. पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि देहूरोडच्या कित्येक पिढ्यांची शिक्षणे व नोकऱ्या तिच्यावर झाल्या. हैदराबादमध्ये २००३ मध्ये रेल्वे आणि राज्य सरकार यांनी खर्च वाटून घेऊन जुन्या रुळांवर एमएमटीएस सेवा सुरू केली. युरोपातील झ्युरिकच्या नागरिकांनी १९७३ मध्ये भुयारी मेट्रोचा प्रस्ताव मतदानाने फेटाळला, पुढे १९८१ मध्ये विद्यमान रेल्वेमार्गांवर आधारित उपनगरी सेवेला संमती दिली, आणि १९९० मध्ये सुरू झालेली ती सेवा आज जगभर वाखाणली जाते. जर्मनीतील कार्ल्सरूहे हे तर जबलपूरहून बरेच लहान शहर आहे. तेथे १९९२ पासून शहराची ट्राम मुख्य रेल्वेच्या रुळांवरून थेट शेजारच्या गावांपर्यंत जाते. या सर्व उदाहरणांत नवे तंत्रज्ञान फारसे नव्हते. दोन वेगळ्या यंत्रणांनी एका वेळापत्रकावर सही केली, हीच त्यांतील खरी नवलाई होती.

येथे रेल्वेचे अधिकारी तीन आक्षेप घेतील आणि ते तिन्ही रास्त आहेत. पहिला असा की इटारसी-प्रयागराज हा मार्ग लांब पल्ल्याच्या व मालगाड्यांनी भरलेला आहे. दुसरा, उपनगरी प्रवासी वाहतूक तोट्याची असते व तो तोटा मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरावा लागतो. तिसरा, हैदराबादची सेवा अनियमित राहिल्याने तिची पूर्ण क्षमता कधी वापरली गेली नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तर भांडवली आहे. अधारताल ते भेडाघाट या पट्ट्यापुरती शहरासाठी स्वतंत्र मार्गिका टाकण्यास जो खर्च येईल, त्याची तुलना सात किलोमीटरच्या पुलावरील हजार कोटींशी व्हावी. दुसऱ्याचे उत्तर हैदराबादच्या करारात आहे. तोटा राज्याने व महापालिकेने वाटून घ्यावा, कारण लाभ शहराचा आहे. पुलाकडून आपण नफ्याची अपेक्षा करीत नाही. मग गाडीकडून का करावी? तिसरा आक्षेप हा वस्तुतः इशारा आहे. अर्ध्या तासाने ठरलेल्या मिनिटाला येणारी गाडी माणसाच्या आयुष्याचा भाग होते. एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी फलाटाबाहेर उभी राहणारी गाडी एकदाच पकडली जाते. ती हमी देता येत नसेल, तर सेवा सुरू न केलेली बरी.

चौथी एक अडचण आहे, ती कुणी फारशी बोलून दाखवीत नाही. मुख्य मार्ग पश्चिम मध्य रेल्वेकडे आहे आणि गोंदियाचा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळाकडे. १८७० मध्ये दोन कंपन्या येथे एकमेकींना भेटल्या. आज दोन विभाग भेटतात. ग्वारीघाटहून अधारतालला थेट जाणारी गाडी हवी असेल, तर तिला नव्या रुळांची गरज थोडी आणि दोन कार्यालयांच्या संमतीची गरज मोठी आहे. व्हिक्टोरियाच्या काळात लंडनमधील भागधारकांना जे जमले, ते एकाच रेल्वे मंडळाच्या दोन विभागांना जमू नये, हे मानणे मला जड जाते.

या साऱ्यात वेळेचा प्रश्न आहे तो हाऊबागचा. रुंदमापी मार्ग मदन महलच्या बाजूने मुख्य मार्गाला जोडला गेल्याने हे जुने स्थानक आणि तेथून निघणारी अरुंदमापी पट्टी रेल्वेच्या कामातून सुटली. दाट वस्तीतून नर्मदेच्या दिशेने जाणारी, एकसंध, शासकीय मालकीची अशी पट्टी भूसंपादन कायद्याने आज मिळवायची म्हटली तर दशक जाईल आणि शेकडो घरे हलवावी लागतील. अशी जमीन रिकामी दिसली की तिच्यावर प्रथम रस्ता सुचतो, नंतर व्यापारी संकुल. सेवेत असताना अशा अनेक जमिनींच्या संचिका माझ्यासमोरून गेल्या. तुकडा पडण्यास एक आदेश पुरतो; तुकडे जोडण्यास पिढी पुरत नाही. ट्राम असो, बससाठी राखीव मार्ग असो किंवा निव्वळ पादचारी व सायकलींची वाट असो, निर्णय पुढे घेता येईल. तोपर्यंत ही पट्टी सलग राखण्याचा ठराव महापालिकेने व राज्य शासनाने आजच करावा. त्याला पैसा लागत नाही.

रेल्वे सारे शहर सांभाळू शकणार नाही, हेही स्पष्टपणे मान्य करावे. रांझी, खमरिया, विजयनगर किंवा डुमना विमानतळ यांना मुख्य मार्गाचा थेट लाभ नाही. तेथे बसच हवी, आणि ती स्थानकाच्या दारापर्यंत यायला हवी. मिळणाऱ्या शंभर विजेच्या बसगाड्या पूर्वीच्याच मार्गांवर विखुरण्याऐवजी अधारताल, जंक्शन आणि मदन महल या तीन स्थानकांना जोडणाऱ्या फेऱ्यांवर लावल्या, तर थोड्या गाड्यांत अधिक माणसे पोहोचतील. तिकीट एकच असावे. ई-रिक्षांना स्थानकाबाहेर हुसकावण्यापेक्षा त्यांना ठरावीक थांबा आणि ठरावीक अंतर द्यावे. या सर्वांचे उत्तरदायित्व एका प्राधिकरणाकडे असावे. २०१७ चे धोरण तेच सांगते. आज महापालिका, वाहतूक पोलीस, परिवहन खाते, बस कंपनी आणि दोन रेल्वे विभाग यांपैकी प्रत्येकाकडे वाहतुकीचा एक तुकडा आहे. प्रवाशाचा संपूर्ण प्रवास यांपैकी कुणाच्याच टेबलावर नाही.

हा विषय महाराष्ट्रातील वाचकासाठी केवळ शेजारच्या राज्याचा नाही. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती ही शहरेही रुळांवर किंवा रुळांलगत वसलेली आहेत. त्यांची लोकसंख्या दहा लाखांच्या अलीकडे-पलीकडे असून तेथेही आज उड्डाणपुलाची आणि उद्या मेट्रोची मागणी आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांसाठी नसून माणसांसाठी वाटली जावी, हे तत्त्व स्वीकारले. त्यास दोन दशके होत आली. या दर्जाच्या शहरांत ते तत्त्व अमलात आणण्यास अजून अवकाश आहे, कारण त्यांच्या बहुसंख्य रहिवाशांनी अद्याप मोटार घेतलेली नाही. त्यांनी ती घेतल्यानंतर रूळ वापरण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्याला मतदारही सापडणार नाही.

जबलपूरच्या पुलावर आणखी एक पूल बांधता येईल. शहराभोवती शंभर किलोमीटरहून लांब वर्तुळाकार मार्गाचे काम चालू आहे, तोही पूर्ण होईल. या कामांच्या एकूण खर्चातील अल्पसा भाग पाच-सहा स्थानके, एक स्वतंत्र मार्गिका आणि चार मेमू गाड्या यांच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा आणि तो अहवाल जनतेसमोर मांडावा, एवढीच अपेक्षा आहे. अभ्यासाअंती ही सूचना अव्यवहार्य ठरली, तर निदान ती आकड्यांनी ठरेल. आज ती कुणी विचारात न घेतल्यामुळे अव्यवहार्य ठरली आहे.